परदेशातील आगगाडीचा पास : घ्यावा की न घ्यावा?

समुद्र ओलांडावा की न ओलांडावा, हा प्रश्न आपल्या पणजोबांच्या पिढीत धर्मशास्त्राचा होता. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या तेव्हा त्यावरून केवढे काहूर माजले, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. तो वाद आता मिटला. त्याच्या जागी दुसरा एक प्रश्न येऊन बसला आहे. दिसावयास तो क्षुल्लक, पण घरची शिल्लक हलविणारा आहे. एखाद्या घरचा मुलगा जर्मनीत शिकावयास असतो, दुसऱ्या घरी आजीने हातपाय चालतात तोवर बाहेरचे जग पाहून घ्यावे असे सर्वांच्या मनात येते, आणि मे महिन्यात परदेशी पाच-सहा शहरे पाहून येण्याचा बेत ठरतो. मग कोणीतरी अनुभवी गृहस्थ सल्ला देतात, ‘‘आगगाडीचा पास काढा. एकदा पैसे भरले की मोकळे. हवे तेथे बसा, हवे तेथे उतरा.’’ हा सल्ला कितपत खरा, कोणासाठी खरा आणि कोणासाठी खर्चाचा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आमच्या सावलीस आगगाडी येत नाही. मूलहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. गाडीत बसावयाचे तर आधी एस.टी.ने मूल अथवा चंद्रपूर गाठावे लागते. तथापि पास म्हणजे काय हे आम्हां सावलीकरांस आगगाडीने नव्हे, तर त्याच एस.टी.ने शिकविले आहे. महामंडळाची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना बहुतेक घरांस ठाऊक असते : चार अथवा सात दिवसांचा पास काढावा आणि तेवढ्या मुदतीत राज्यभर वाटेल तितके हिंडावे. पंढरपूर, तुळजापूर, कोल्हापूर असा मोठा फेरा एकाच दमात करणाऱ्यास तो पास स्वस्त पडतो, हे उघड आहे. परंतु ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला आणि मार्च २०२३ मध्ये स्त्रियांस भाडे निम्मे झाले. तेव्हापासून याच पासाचा हिशेब घरातल्या घरात माणसागणिक बदलला. आजोबांस पासाची गरजच उरली नाही. आईस व वहिनीस निम्म्या भाड्याची तिकिटेच बहुधा पुरेशी ठरतात. पास परवडला तर तो घरातील कर्त्या पुरुषास. एकाच गाडीत, एकाच बाकावर बसलेल्या चौघांचा हिशेब असा चार परींचा होतो. परदेशच्या पासाचे मर्म हेच आहे. ‘पास स्वस्त की महाग?’ असा प्रश्न विचारू नये. ‘हा पास या माणसास, या फेऱ्यात, स्वस्त की महाग?’ असे विचारावे.

हे पास मुळात निघाले कशासाठी, हे समजून घेतल्यास पुढील विचार सोपा होईल. युरोपबाहेरच्या प्रवाशांसाठी ‘युरेल’ पास १९५९ साली निघाला. युरोपातील तरुणांसाठी ‘इंटररेल’ १९७२ साली आला; पुढे तो सर्व वयांच्या रहिवाशांस खुला झाला. जपानचा रेल्वे पास १९८१ पासूनचा आहे. त्या काळी आगगाडीचे भाडे बहुधा अंतरावर ठरे. तिकीट दोन महिने आधी काढा वा गाडी फलाटावर उभी असताना काढा, पैसे तेच. अशा स्थितीत परदेशी पाहुण्यास ठोक रकमेत हवे तितके हिंडू देणे ही खरीखुरी सवलत होती, आणि रिकाम्या जागा भरल्याने रेल्वेचाही लाभ होता. पुढे युरोपातील अनेक रेल्वे कंपन्यांनी विमान कंपन्यांची रीत उचलली. लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीचे तिकीट काही महिने आधी घेतल्यास पुष्कळदा स्वस्त मिळते. तेच आयत्या वेळी दुप्पट-तिप्पट होऊ शकते. परिणामी पासाची तुलना कोणत्या भाड्याशी करावयाची, हाच कळीचा मुद्दा झाला. पास विकणारा तुलना करतो ती आयत्या वेळच्या महाग भाड्याशी. आगाऊ बेत आखणाऱ्या कुटुंबाने ती आगाऊ मिळणाऱ्या भाड्याशी केली पाहिजे.

आता उदाहरणे घेऊ. समजा, एका एकत्र कुटुंबातून पाच माणसे निघाली : सत्तर वर्षांची आजी, मुलगा व सून, चौदा वर्षांची नात आणि नऊ वर्षांचा नातू. प्रथम जपान पाहू, कारण तेथील गाड्यांची भाडी बरीचशी स्थिर असल्याने हिशेब स्वच्छ मांडता येतो.

जपानच्या सात दिवसांच्या साध्या वर्गाच्या पासाची किंमत सप्टेंबर २०२३ पर्यंत २९,६५० येन होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती एकदम ५०,००० येन झाली. टोकियो ते क्योटो या वेगवान ‘शिंकान्सेन’ गाडीचे एकेरी भाडे सुमारे १४,००० येन पडते. म्हणजे पूर्वी टोकियोहून क्योटोस जाऊन परत येण्यातच पासाची किंमत जवळजवळ वसूल होई, आणि नारा किंवा हिमेजीची फेरी वर फायद्यात पडे. डोळे मिटून पास काढण्याचा जो सल्ला अजून ऐकू येतो, तो त्या दिवसांतील आहे. नव्या किमतीत टोकियो-क्योटो-हिरोशिमा आणि परत टोकियो असा फेरा घेतला, तर सुटी भाडी अनुक्रमे सुमारे १४,०००, ११,५०० व १९,५०० येन, मिळून ४५,००० येन होतात. बारा वर्षांखालील मुलास तिकीट व पास दोन्ही निम्म्यात. पण चौदा वर्षांची नात पूर्ण तिकिटाचीच. तेव्हा आमच्या कुटुंबाची गणना साडेचार माणसांची झाली. सुटी तिकिटे : २,०२,५०० येन. पास : २,२५,००० येन. साडेबावीस हजार येनांचा तोटा, तोही हिरोशिमापर्यंत मजल मारून! दक्षिणेकडील फुकुओकापर्यंतचे भाडे सुमारे २३,००० येन असल्याने तेथवर जाऊन परतले तरी पन्नास हजारांचा आकडा गाठला जात नाही.

शिवाय या पासावर सर्वांत जलद अशा ‘नोझोमी’ गाडीत बसावयाचे तर निराळे पैसे भरावे लागतात. टोकियो ते क्योटो ही रक्कम जवळजवळ ५,००० येन आहे. एरवी ‘हिकारी’ने थोडा अधिक वेळ घालवून जावे. टोकियोची भुयारी रेल्वे आणि क्योटोतील शहरी बसगाड्या या पासात येत नाहीत. नवख्याची हीच मोठी फसगत होते. मात्र जपानच्या पश्चिम अथवा पूर्व भागापुरते मर्यादित असे स्वस्त प्रादेशिक पासही मिळतात. सारा मुक्काम ओसाका, क्योटो, हिरोशिमा या टापूत असेल, तर राष्ट्रव्यापी पासाऐवजी त्यांचा विचार अवश्य करावा.

स्वित्झर्लंडचे गणित याहून वेगळे. तेथील ‘स्विस ट्रॅव्हल पास’वर आगगाडीच नव्हे, तर बस, सरोवरांतील आगबोटी आणि शहरांतील ट्रामही चालतात, पाचशेंहून अधिक वस्तुसंग्रहालयांत प्रवेश मिळतो. २०२४ साली दुसऱ्या वर्गाचा सलग आठ दिवसांचा पास ४१९ फ्रँकला होता. त्याच वर्षी निम्म्या भाड्याचे कार्ड १२० फ्रँकला मिळत असे; ते घेतले की महिनाभर बहुतेक तिकिटे अर्ध्या किमतीत. या दोहोंची तुलना अशी करावी : आठ दिवसांतील सर्व प्रवासाचे पूर्ण भाडे ५९८ फ्रँकांहून कमी भरत असेल तर निम्म्याचे कार्ड बरे, अधिक भरत असेल तर पास बरा, कारण १२० अधिक ५९८चे निम्मे म्हणजे नेमके ४१९. पुढे दर बदलले तरी रीत तीच : पासाच्या किमतीतून कार्डाची किंमत वजा करावी आणि उरलेली रक्कम दुप्पट करावी. जो आकडा येईल तो उंबरठा समजावा.

परंतु डोंगरावरच्या गाड्यांनी हा हिशेब पुन्हा फिरतो. १९१२ साली पूर्ण झालेली युंगफ्राउची रेल्वे प्रवाशास ३,४५४ मीटर उंचीवर नेते, आणि तिचे तिकीट फार भारी असते. पासधारकास वरच्या टप्प्यावर केवळ पाव सूट मिळते, तर निम्म्या भाड्याच्या कार्डावर निम्मी. रिगी पर्वतावरची गाडी मात्र पासातच समाविष्ट आहे. म्हणून ज्यांस एकच मोठे शिखर पाहून बाकी दिवस एका गावी राहावयाचे आहे त्यांनी कार्ड घ्यावे. ज्यांस रोज नवे सरोवर, नवे शहर पाहावयाचे आहे त्यांनी पास घ्यावा.

येथे एकत्र कुटुंबाने ध्यानात ठेवण्याजोगी एक गोष्ट आहे. सहा ते सोळा वर्षांच्या आतील मुलांस कुटुंब-कार्डावर विनामूल्य प्रवास मिळतो, पण तो आईबापांपैकी कोणी तिकीटधारक बरोबर असेल तरच. आपल्याकडे आजी, काका, आत्या हे सारे आईबापांच्या ठायीच असतात; स्विस तिकीट-तपासनीसास ते मान्य नाही. तेव्हा ‘तुम्ही दोघे वर बर्फात जा, मी नातवंडांना घेऊन बोटीने फिरून येते,’ असे आजीने म्हटले, तर त्या दिवशी मुलांच्या तिकिटांची सोय निराळी करावी लागते.

आता अनेक देशांच्या ‘युरेल’कडे वळू. तेहतीस देशांत चालणाऱ्या या पासाचे वयोमान ध्यानात घ्यावे : चार ते अकरा वर्षांची मुले मोठ्यांसमवेत विनामूल्य, बारा ते सत्तावीस वयाच्या तरुणांस सुमारे पाव सूट, साठीपुढील वडीलधाऱ्यांस दहा टक्के. आमच्या कुटुंबातील नातू फुकट, नात तरुणांच्या दरात, आजीस थोडी सूट. म्हणजे या घरासाठी हा पास जपानच्या पासापेक्षा उदार आहे. परंतु पास मिळाला म्हणजे गाडीत जागा मिळाली असे नव्हे. फ्रान्स, इटली व स्पेनमधील वेगवान गाड्यांत, समुद्राखालून लंडनास जाणाऱ्या ‘युरोस्टार’मध्ये आणि बहुतेक रातगाड्यांत जागेचे आरक्षण सक्तीचे असते. त्याचे दर माणशी दर गाडीस साधारण दहा युरोंपासून तीस-पस्तीस युरोंपर्यंत जातात. पास फुकट असलेल्या नातवासही जागेचे पैसे द्यावे लागतात. काही गाड्यांत पासधारकांसाठी ठेवलेल्या जागा मोजक्याच असतात आणि त्या लवकर संपतात. याउलट जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, बेल्जियम आणि नेदरलँड्स या देशांतील बहुतेक अंतर्गत गाड्यांत आरक्षणाची सक्ती नाही. पास दाखवावा आणि बसावे. म्हणून म्युनिक, साल्झबुर्ग, व्हिएन्ना, झुरिच अशा फेऱ्यात युरेलचे खरे सुख मिळते. पॅरिस, बार्सिलोना, रोम अशा फेऱ्यात ते पुष्कळसे आरक्षणांत विरून जाते.

जर्मनीत शिकणाऱ्या मुलाने आईवडिलांबरोबर युरेल काढू पाहिल्यास तो त्यास मिळणार नाही, कारण तो आता युरोपचा रहिवासी. त्याच्यासाठी इंटररेल. दोन्ही पासांवर एकाच गाडीत बसता येते. मात्र इंटररेलवर स्वतःच्या राहत्या देशातील प्रवासावर मर्यादा असते, ती त्याने आधी पाहून घ्यावी. त्याच्यापाशी बहुधा जर्मनीचे मासिक तिकीटही असते. मे २०२३ मध्ये ४९ युरोंस सुरू झालेले ते तिकीट जानेवारी २०२५ मध्ये ५८ युरोंचे झाले होते. त्यावर देशभरच्या स्थानिक व प्रादेशिक गाड्या, बस व ट्राम चालतात, पण लांब पल्ल्याच्या जलद गाड्या चालत नाहीत. मुलाच्या गावी राहून रोज आसपास हिंडावयाचे असेल, तर आईवडिलांसही असले तिकीट युरेलपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. मात्र ते दरमहा आपोआप चालू राहणाऱ्या वर्गणीचे असल्याने वेळेवर बंद करण्याची जबाबदारी मुलावर सोपवावी.

हे झाले पैशांचे. पण आमच्या मते पासाचे खरे मोल त्याच्या मोकळीकेत मोजले जाते, आणि तेथेच भारतीय कुटुंबाची स्थिती अमेरिकन तरुणाहून भिन्न आहे. आपल्याला युरोपचा व्हिसा मागतानाच कोणत्या दिवशी कोणत्या गावी मुक्काम, याचा आराखडा आणि राहण्याच्या जागांचे आरक्षण सादर करावे लागते. दिवस ठरले, गावे ठरली, निवासही ठरला, तर ‘हवे तेथे उतरा’ या मोकळीकेचे प्रयोजन किती उरले? या दृष्टीने पाहता आगाऊ सुटी तिकिटेच आपल्या बेताशी जुळतात. परंतु नाण्यास दुसरीही बाजू आहे. स्वस्त आगाऊ तिकीट बहुधा परत होत नाही, आणि व्हिसा कधी अगदी निघण्याच्या तोंडावर हाती येतो, कधी एकाच घरातील चौघांस मिळून पाचव्यास मिळत नाही. पाच माणसांची न परतणारी दहा तिकिटे घेऊन ठेवावी आणि आजीचा व्हिसा अडकावा, हा प्रसंग कोणावरही येऊ नये. युरेलचा साधा पास खरेदीपासून अकरा महिन्यांत केव्हाही सुरू करता येतो, आणि सुरू करण्यापूर्वी काही रक्कम कापून परतही होतो. सवलतीच्या दिवसांत विकल्या जाणाऱ्या पासांची अट निराळी असते, ती वाचून घ्यावी. म्हणून आमचा सल्ला असा : व्हिसासाठी अर्ज लवकर करावा, राहण्याच्या जागा रद्द करता येतील अशाच घ्याव्यात, आणि सुटी तिकिटे व्हिसा हाती आल्यावरच काढावीत. व्हिसा उशिरा मिळाला आणि तोवर भाडी चढली, तर मात्र पासाचा पुन्हा हिशेब करावा. त्या वेळी तो स्वस्त ठरण्याचा संभव पुष्कळ.

आणखी एक गोष्ट आम्हांस निकडीने सांगावीशी वाटते. पास हातात असला की मनुष्य तो ‘वसूल’ करू लागतो. सात दिवसांचे पैसे भरले, मग आज घरी बसून कसे चालेल, या विचाराने सकाळी सहाला सामान बांधावे, दुपारी गाडी बदलावी, रात्री नवे गाव गाठावे, असा क्रम सुरू होतो. तरुणास हे सोसते. सत्तरीच्या आजीस मोठ्या स्थानकातील पूल, जिने आणि गाडी बदलण्यास मिळणारी पाच-सात मिनिटे हा रोजचा घोर होतो. मुलांचे खाणे अवेळी होते. ज्या घरात मांसाहार चालत नाही, त्या घराला रोज नव्या गावी जेवणाची शोधाशोध करावी लागते. उलट स्वयंपाकघरासह बिऱ्हाड घेऊन एका गावी चार-पाच दिवस राहिल्यास वरणभाताची सोय होते आणि माणसे ताजीतवानी राहतात. जपानच्या टोकियो-ओसाका-फुकुओका मार्गावरील शिंकान्सेनमध्ये तर मे २०२० पासून लांबी, रुंदी व उंची मिळून १६० सेंटिमीटरांहून मोठ्या पेटीसाठी खास जागा आधी राखावी लागते. आपल्या भल्या थोरल्या पेट्या त्यात सहज बसतात! तेथे सामान पुढल्या मुक्कामी पोचविणारी ‘ताक्क्यूबिन’ सेवा मिळते. तिचा खर्चही प्रवासाच्या हिशेबात धरावा.

कालाचाही विचार हवा. चंद्रपूरच्या उन्हाळ्यातून सुटण्यासाठी आपण बहुधा एप्रिल-मे निवडतो. परंतु एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानात सुट्ट्यांचा सप्ताह असतो. त्या दिवसांत सारे जपान गाडीत असते आणि पास असून जागा मिळेलच असे नाही. स्वित्झर्लंडमध्ये मे महिन्यात उंचावरच्या पुष्कळ पाऊलवाटा बर्फाखाली असतात, काही डोंगरी गाड्या दुरुस्तीसाठी बंद असतात. ज्या गाड्या चालणारच नाहीत, त्यांच्या भरवशावर पास घेण्यात अर्थ नाही.

तेव्हा निर्णयाची पद्धत थोडक्यात अशी. प्रथम पास विसरून जावा आणि घरातील सर्वांत वडील व सर्वांत लहान माणसास झेपेल असा मुक्कामांचा क्रम ठरवावा. नंतर वहीत प्रत्येक मोठ्या प्रवासाचे आगाऊ भाडे, आयत्या वेळचे भाडे आणि पास असता लागणारे आरक्षण, अशी तीन घरे आखून प्रत्येक माणसाचा निराळा हिशेब भरावा. तिसऱ्या घराच्या बेरजेत पासाची किंमत मिळवावी. शहरांतील भुयारी गाड्या, बस व डोंगरी रेल्वे पासात आहेत की नाहीत हे पाहून त्यांची भर घालावी. पास स्वस्त आला तर आनंदाने घ्यावा. थोडा महाग आला आणि प्रकृतीच्या कारणाने दिवस पुढेमागे होण्याचा संभव असेल, तरीही घेण्यास हरकत नाही. ते जादा पैसे निश्चिंतीचे समजावेत. फारच महाग आला तर सोडून द्यावा. आणि सर्वांस एकच पास हवा असाही आग्रह नको. रोज हिंडू इच्छिणाऱ्या नातीस पास आणि दोन दिवसांआड बाहेर पडणाऱ्या आजीस सुटी तिकिटे, अशी वाटणी मुळीच गैर नाही.

हा हिशेब करावयास घरातील मुलांसच बसवावे, असे आम्ही सुचवितो. नकाशा, कोष्टक आणि तीन अपूर्णांक एवढ्यात त्यांचे भूगोल-गणित दोन्ही होईल, आणि आजीच्या पायांस दिवसाकाठी किती चालणे झेपते हे त्यांस तिला विचारावे लागेल. बेताची सुरुवात त्या प्रश्नापासून झाली, तर पास घेतला काय वा न घेतला काय, सहल सर्वांची होईल.